खोबण

तू ऐंशी दिवसांची झालीस त्या पहाटे
तुला पाठीला बांधलं,
कवड्या शिवलेल्या कातडी झोळीत. ती माझ्या आईची.
तिच्यातूनच मीही हा कडा एकदा चढले होते म्हणे,
झोपेत.

मुलगा असतीस तर चाळिसाव्या दिवशीच निघालो असतो.
तुझ्यासाठी दुप्पट थांबलो,
तेवढ्यात पाऊस सरला, खडक सुकला.
हा तुझा पहिला शहाणपणा.

तिग्रायात सपाट रान काय कमी होतं?
पण आमच्या पूर्वजांनी चर्च कोरलं
ते गिधाडांच्या शेजारी.
लोक म्हणतात, तिथून देव जवळ.
माझी सासू म्हणते, तिथवर करवाले पोचत नाहीत.

पायथ्याशी चपला काढल्या.
अबा गेब्रू पुढे. सत्तरी उलटलेली, एक डोळा दुधाळ.
एक्केचाळीस वर्षं रोज चढतोय, रोज उतरतोय,
आणि उतरणंच अवघड, तो म्हणतो,
कारण उतरताना दिसतं.

अर्ध्यावर माझे हातपाय गळाले.
खाली जवाची शेतं रुमालाएवढी,
वाऱ्याने शाल तोंडावर आणलेली,
आणि जीव मुठीत धरावा म्हटलं
तर मूठच मोकळी नव्हती.
तू जागी झालीस. माझी वेणी ओढलीस.

वाटलं, आता अबा म्हणणार, भिऊ नको.
लहानपणापासून ऐकत आलेय ते शब्द,
वेदीपाशी, बाळंतिणीच्या खाटेपाशी,
सैन्य गावातून गेलं त्या रात्रीही.
तो ते म्हणालाच नाही.
म्हणाला, "डावा पाय. गुडघ्याच्या उंचीला. चाचप."

प्रभू, मी म्हटलं, मोठं काही मागत नाही.
पायापुरतं दे.

खडकात खोबण होती.
गुळगुळीत, वाटीसारखी,
माझा अंगठा तिच्यात असा बसला
जणू कुणी माप घेऊनच कोरली होती.
"कुणी केली ही?"
"भ्यालेल्या माणसांनी," अबा वरून म्हणाला,
"पाय ठेवून ठेवून."

मग चढले. भीती गेली म्हणून नाही.
तीही चढली माझ्यासोबत,
तिलाही वर काहीतरी काम असावं.

भिंतीवर प्रेषित, डोळे ताटाएवढे,
सगळे तुझ्याकडे बघत होते.
पाणी पडलं आणि तू असा टाहो फोडलास
की छतातले पारवे उडाले.
त्सेगा, अबा म्हणाला. कृपा.
कृपेचं नाक वाहत होतं.

पण हे सगळं कड्यासाठी सांगत नाहीये मी तुला.

तीन दिवसांनी तालुक्याला गेले, तुला घेऊन.
युद्धात गेलेल्यांची यादी ज्या खिडकीत मिळते, तिथे.
खिडकीमागचा माणूस वर न बघता म्हणाला,
यादी आली नाही, उद्या या.
अकरा महिने तो हेच म्हणत होता
आणि मी अकरा महिने, बरं, म्हणत होते.
जमीन सपाट. पडून पडणार किती?
तरी तिथेच माझे पाय लटपटायचे.

त्या दिवशी चपलेतला डावा अंगठा
आपोआप चाचपू लागला.
खाली बघितलं. खिडकीसमोरच्या सिमेंटला
खळगा पडला होता, दोन पावलांचा,
माझ्याआधीच्या बायकांचा.

मी त्यात उभी राहिले.
"हाफ्तोम तेक्ले," मी म्हटलं. आवाज फाटला. पुन्हा म्हटलं.
"हे नाव माझ्यासमोर लिहा. ही त्याची मुलगी.
मी चढून आलेय. उद्या येणार नाही,
कारण आज जाणारच नाही."

रांगेत कुणी खोकललं. मग शांतता.
प्रभू, पायापुरतं.

माणसाने वर बघितलं. तुझ्याकडे जास्त.
वही उघडली, पेनाचं टोपण काढलं,
दोनदा झटकलं.
शाई संपली होती.

मी मागे न बघता
हात मागे केला.